भिंगारचा अननस

अननस हे काही भिंगारचे फळ नव्हे. नगरच्या मंडईत तो येतो तो परमुलखातून. केरळातून, गोव्यातून, क्वचित सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडून. गिऱ्हाईक त्याचा वास घेते, भाव करते आणि तो घरी आणते. घरी त्याची काटेरी साल उतरते, डोळे कोरून काढले जातात, चकत्यांवर चिमूटभर मीठ पडते आणि डोक्यावरचा हिरवा तुरा उकिरड्यावर जातो. त्या तुऱ्याला कोणी विचारीत नाही. वस्तुतः पुन्हा रुजण्याची शक्ती असते ती त्या तुऱ्यातच. फळ खाऊन संपते. तुरा मात्र नीट लावला आणि जोपासला, तर सुमारे दोन वर्षांनी आपल्या अंगावर दुसरे फळ धरू शकतो.

पण हे भिंगारला घडेल काय? अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर शहराला लागून असलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत वसले आहे. येथे वर्षाकाठी जेमतेम ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात याच्या पाचपट आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पडतो. वैशाखात येथे पारा चाळीस अंशांवर चढतो आणि पौषात पहाटे तो दहा अंशांच्याही खाली उतरतो. अननसाला मानवते ती वीस ते बत्तीस अंशांची दमट, समतोल हवा. पारा पंधरा अंशांखाली गेला की त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि हिमकण पडले तर तो मरतो. नगर जिल्ह्यातील शेतकरी ज्वारी, ऊस, कांदा, डाळिंब पिकवतो आणि अननसाच्या वाटेला जात नाही, यात त्याचे शहाणपणच आहे. मात्र शेताचा न्याय कुंडीला लागू पडत नाही. शेत उचलून घरात नेता येत नाही. कुंडी नेता येते. घरगुती अननसाची सारी आशा या एका साध्या गोष्टीवर उभी आहे.

अननसाला परमुलखात जाऊन राहण्याची सवय फार जुनी आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत. तेथील आदिवासी त्याची लागवड शेकडो वर्षे करीत होते. १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत ग्वादलूप बेटावर उतरलेल्या कोलंबसाच्या लोकांनी हे फळ प्रथम पाहिले. तुपी भाषेतील ‘नाना’ या शब्दावरून पोर्तुगिजांनी त्याला ‘अनानास’ म्हटले, सोळाव्या शतकात आपल्या जहाजांतून ते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि फळाबरोबर त्याचे नावही आपल्या भाषेत मुक्कामाला राहिले. किनाऱ्यावरून ते उत्तरेत पोहोचले. बादशहा जहांगीर आपल्या आत्मचरित्रात फिरंग्यांच्या बंदरांतून आलेल्या या सुवासिक फळाचा उल्लेख करतो आणि आग्र्याच्या गुलअफशान बागेत दर साली ती हजारोंनी होतात असे अभिमानाने नोंदवितो. आग्र्याचा हिवाळा भिंगारच्या हिवाळ्याहून कडक असतो, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. (याच जहांगिराचा नातू औरंगजेब १७०७ साली भिंगारच्या परिसरात मरण पावला, त्याच्या छावणीत अननस आले होते की नाही, हा प्रश्न मात्र इतिहासकारांनी सोडवावा.)

युरोपातील धनिकांनी तर या फळासाठी हद्दच केली. हॉलंड आणि इंग्लंड या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते. तेथे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अननस पिकविण्याचे प्रयोग सुरू झाले. नुसते काचेचे घर पुरेना. हवा तापे, पण मुळे गारच राहत. तेव्हा माळ्यांनी एक युक्ती काढली. कातडी कमावण्यासाठी ओकच्या झाडाची साल वापरतात. ती वापरून झाल्यावर ओलसर चोथा उरतो. तो खड्ड्यात भरला की आंबू लागतो आणि कित्येक महिने मंद, एकसारखी ऊब देतो. त्यात कुंड्या गळ्यापर्यंत पुरून ठेवीत. अन्यत्र याच कामासाठी घोड्यांची ताजी लीद वापरीत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील हेलिगन येथील जुन्या बागेचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा तेथील लिदीने तापणारा खड्डाही पुन्हा चालू करण्यात आला आणि १९९७ साली त्यात अननस पिकला. ज्याने थंडीच्या दिवसांत पहाटे शेणखताच्या ढिगातून वाफा निघताना पाहिल्या आहेत, त्याला या युक्तीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी एक अननसाची जात आजही ‘क्यू’ या नावाने ओळखली जाते. हे नाव लंडनजवळच्या प्रसिद्ध वनस्पतिउद्यानाचे आहे. उष्ण देशाच्या फळाने थंड देशाचे नाव धारण करावे, हा योग मोठा गमतीचा खरा.

भिंगारला एवढा खटाटोप नको. येथील थंडी रात्रीची आणि तीही मार्गशीर्षापासून माघापर्यंतची. दिवसा स्वच्छ ऊन असते. तेव्हा प्रश्न उरतो तो साठसत्तर रात्रींचा. तथापि त्या रात्री निभावण्यासाठी आधी या झाडाचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. घरी लावलेले पुष्कळसे अननस केवळ थंडीने मरत नाहीत, तर लावणाऱ्याच्या अति मायेने मरतात.

सामान्य झाडे दिवसा आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतील कर्बवायू आत घेतात आणि त्या वेळी त्यांच्या अंगातले पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जाते. अननस उलट वागतो. तो ही छिद्रे मुख्यतः रात्री, हवा गार असताना उघडतो, घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवितो आणि दिवसा दारे मिटून त्या साठ्यापासून साखर तयार करतो. निवडुंग आणि आपल्या परिचयाची पानफुटीही असेच करतात. म्हणून पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते आणि सायंकाळी तितके लागत नाही. अशा झाडाला पाणी फार थोडे पुरते. शिवाय त्याची पाने पन्हळीसारखी खोलगट असतात. त्यांवर पडलेले दव आणि पावसाचे थेंब घरंगळत बुंध्याशी येतात व पानांच्या बेचक्यांत साठून तेथूनच शोषले जातात. अननसाच्या कुळातील कित्येक झाडे तर दुसऱ्या वृक्षांच्या फांद्यांवर राहतात आणि केवळ अशा पाण्यावर जगतात. जे झाड दवबिंदूंवर गुजराण करू शकते, त्याच्या मुळाशी रोज तांब्याभर पाणी ओतणे म्हणजे उपकार नव्हे, शिक्षाच होय.

लागवडीस योग्य काळ ज्येष्ठाचा. त्या वेळी लावलेल्या तुऱ्याला थंडी येण्यापूर्वी चारपाच महिने उबदार मिळतात. तुरा निवडताना त्याची मधली पाने हिरवीगार आणि घट्ट आहेत, हे पाहावे. फळ एका हाताने धरून दुसऱ्याने तुरा पिळला की तो अलगद सुटतो. त्याला चिकटलेला गर काढून टाकावा, नाहीतर तो जमिनीत कुजतो. मग खालची काही पाने एकेक करून सोलावीत. दोनतीन सेंटिमीटर खोड उघडे पडले की त्यावर तपकिरी रंगाचे बारीक ठिपके दिसतात. ती भावी मुळे. यानंतर उतावळ्या माणसाच्या हातून चूक होते, ती अशी की तो तुरा लगेच मातीत खोवतो. तसे न करता तो चारपाच दिवस सावलीत कोरडा ठेवावा, म्हणजे जखम भरून येते. या मुदतीत तो मरत नाही. पाणी जपून खर्चण्याची विद्या त्याला उपजतच आहे.

खरी अडचण मातीची. भिंगारच्या आसपास कोठे काळी चिकण माती, तर कोठे नुसता मुरूम आणि दगडगोटे. भिंगारशेजारच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू बंदिवासात होते. तेथे त्यांनी फुलांचे वाफे तयार करण्यासाठी रोज तासन्‌तास खणण्याचे काम केले. ती जमीन किती निकस होती, तिच्यात किती दगड आणि जुन्या बांधकामांचे अवशेष निघत, याचे वर्णन त्यांनी तेथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाच्या आरंभी केले आहे. फुलझाडांची ही कथा, तर अननसाची काय सांगावी! काळी माती पाणी धरून ठेवते आणि अननसाची मुळे गुदमरून कुजतात. म्हणून कुंडीत तांबडी माती, जाड वाळू आणि मुरलेला पालापाचोळा सारख्या प्रमाणात घ्यावा, तळाच्या छिद्रावर खापराचे तुकडे ठेवावेत. आरंभी लहान कुंडी पुरते. वर्षाने झाड फूटभर रुंदीच्या कुंडीत हलवावे.

मातीचा आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. या भागातील मातीत आणि विहिरींच्या पाण्यात चुन्याचा अंश असतो, आणि अननसाला आम्लधर्मी माती लागते. चुन्याच्या मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडू लागतात. हवाई बेटांतील अननसाच्या मळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी असाच पिवळेपणा पसरला होता. तेथे कारण चुना नव्हते, मातीतले मँगनीज होते. पण झाडाचे दुखणे तेच, लोहाच्या उपासमारीचे. मातीत लोह घालून गुण येईना, तेव्हा हिराकशीचे पाणी थेट पानांवर फवारण्यात आले आणि मळे पुन्हा हिरवे झाले. भिंगारच्या कुंडीलाही तेच औषध लागू पडते. लिटरभर पाण्यात दोनतीन ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा सायंकाळी पानांवर शिंपडावी. पाणी शक्य तर पावसाचे वापरावे.

लावल्यानंतर दीडदोन महिने झाड स्तब्ध असते. मुळे फुटली की नाही, हे पाहण्यासाठी ते उपटण्याचा मोह आवरणे कठीण जाते. परंतु एक पान धरून हलकेच ओढले आणि झाडाने ओढ दिली, तर मुळे धरली असे समजावे. उन्हाळ्यात माती बोटभर खोल कोरडी झाली की पाणी द्यावे, थोडे पानांच्या मधोमधही ओतावे, आणि चैत्र-वैशाखात भर दुपारच्या उन्हापासून त्याला आडोसा करावा. असे केल्यास भाद्रपदापर्यंत कुंडीत ताठ, टोकदार पानांचा एक देखणा गुच्छ उभा राहतो.

मग थंडी येते. खरी कसोटी येथे लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या ओसरीत किंवा खिडकीत दिवसभर ऊन येते. जुन्या घरांच्या दगडी भिंती दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब हळूहळू परत देतात. कुंडी अशा भिंतीला लागून ठेवावी. ती फरशीवर ठेवू नये. शहाबादी फरशी पहाटे बर्फासारखी गार होते आणि तो गारवा थेट मुळांना पोहोचतो. खाली लाकडी पाट किंवा जाड पोते असावे. पारा फार उतरण्याची चिन्हे दिसली तर कुंडी रात्री घरात घ्यावी, नाहीतर काड्यांचा सांगाडा करून त्यावर गोणपाट टाकावे आणि सकाळी ऊन चढताच काढावे.

यांहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात पानांच्या मध्यात साठणारे जे पाणी झाडाचे जीवन असते, तेच पौषात त्याचा घात करते. थंडीने वाढ थांबलेली असताना तेथे गार पाणी साचून राहिले की गाभा कुजू लागतो. बाहेरून झाड हिरवे दिसते; आठपंधरा दिवसांनी मधले पान सहज ओढून पाहावे तर ते अख्खे हातात येते आणि त्याच्या पांढऱ्या बुडाला दुर्गंधी सुटलेली असते. दीड वर्षाची मेहनत अशी तांब्याभर पाण्याने जाते. म्हणून थंडीत गाभ्यात पाणी ओतू नये. मातीला पंधरवड्यातून एकदा, तेही सकाळी, कोमट पाणी द्यावे. पानांची टोके किंचित वाळली तरी घाबरू नये. तहानलेला अननस वाचतो, थंडीत भिजलेला वाचत नाही.

पहिला हिवाळा असा गेला की दुसरा येतो, आणि या दुसऱ्या हिवाळ्यात एक आश्चर्य दडलेले असते. ज्या थंडीपासून झाडाला इतके जपले, तीच थंडी त्याला फुलण्याचा इशारा देते. दिवस लहान होतात, रात्री गार होतात, आणि झाड पुरेसे मोठे, म्हणजे तीसचाळीस पानांचे झाले असेल, तर त्याच्या अंतर्यामी बदल घडतो. पान काढण्याचे थांबवून शेंडा फुलाच्या तयारीला लागतो. अर्थात हा इशारा सौम्य गारव्याचा असतो, गोठविणाऱ्या थंडीचा नव्हे. उबदार खोलीत बारा महिने कोंडलेले झाड पुष्कळदा फुलायचे विसरून नुसते पाने वाढवीत बसते. भिंगारची ओसरी त्या दृष्टीने बंद खोलीपेक्षा बरी.

फाल्गुन उलटला आणि तरीही काही हालचाल दिसली नाही, तर दुसरा उपाय आहे. त्याचा शोध एका अपघातातून लागला. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर अननस काचघरांत पिकवितात. तेथे १८७४ साली एका काचघरात काम करणाऱ्या सुताराच्या हातून लाकडाच्या भुश्श्याला आग लागली, असे सांगतात. आग विझली, पण धुराने सारे झाकोळले. पीक गेले असे मालकाने धरले; प्रत्यक्षात सगळी झाडे एकदम फुलावर आली! तेव्हापासून तेथे मुद्दाम धूर करण्याची पद्धत पडली. धुरातील कोणता घटक हे काम करतो, याचा उलगडा १९३२ च्या सुमारास झाला. तो घटक म्हणजे इथिलीन वायू.

हा वायू आपल्या घरी काही अपरिचित नाही. आंब्याची आढी घालताना एखादा पिकलेला आंबा मध्ये ठेवला की बाकीचे लवकर पिकतात, ते याच वायूमुळे; पिकणारे फळ तो स्वतः सोडीत असते. तेव्हा अननसाच्या कुंडीत एकदोन पिकलेली सफरचंदे किंवा केळी ठेवावीत, वरून प्लॅस्टिकची मोठी पिशवी चढवून तोंड बांधावे आणि कुंडी आठवडाभर उन्हाबाहेर ठेवावी. नंतर पिशवी काढून टाकावी. दीडदोन महिन्यांत झाडाच्या मध्यभागी लालसर गाठ दिसू लागते. मात्र ही युक्ती लहान झाडावर करू नये. ते बिचारे आज्ञा पाळते, फुलते, आणि लिंबाएवढे फळ देऊन मोकळे होते.

लाल गाठ हळूहळू दांड्यावर उंच येते आणि मग खालून वर, वळसे घेत, निळी-जांभळी फुले उमलू लागतात. एकेका कणसावर अशी शंभर-दोनशे फुले असतात आणि प्रत्येकाचे आयुष्य एकाच दिवसाचे. आपण ज्याला अननसाचा एक डोळा म्हणतो, ती अशा एका फुलाची खूण होय. सगळी फुले एकमेकांत मिसळून एकच फळ बनते. डोळ्यांच्या तिरप्या रांगा बोटाने मोजाव्यात; त्या बहुधा आठ, तेरा आणि एकवीस अशा भरतात.

फुलांपासून फळ पिकेपर्यंत पाच-सहा महिने जातात. गार हवेत थोडे अधिक. दुसऱ्या हिवाळ्यात फूल धरलेले झाड तिसऱ्या पावसाळ्यात फळ देते. कुंडीतले फळ बाजारच्या फळाएवढे होत नाही. पण एका बाबतीत ते सरस ठरते. आंब्याप्रमाणे अननस आढीत गोड होत नाही. त्याची साखर झाडाकडून येते, आणि देठ तुटला की ती येणे बंद होते. दूर पाठवायचे फळ लवकर तोडावेच लागते. घरच्या फळाला प्रवास नाही. त्याची साल बुडापासून पिवळी होत वर चढू द्यावी, आणि ओसरीत शिरताच वास आला की मग सुरी काढावी.

केळीप्रमाणेच अननसाच्या बुंध्यालाही एकदाच फळ येते. फळ उतरल्यावर झाड काही महिने हिरवे राहते, पण ते आपल्यासाठी नव्हे; त्याच्या बगलेत पिल्ले फुटलेली असतात. ती वीतभर झाली की कापून, चार दिवस सुकवून निराळी लावावीत. पिल्लांना तुऱ्याच्या आधी फळ येते. दोन पिल्ले आणि नव्या फळाचा तुरा मिळून तीन कुंड्या होतात, आणि मार्गशीर्ष लागण्यापूर्वी दक्षिणेच्या भिंतीलगत त्यांच्यासाठी जागा मोकळी करावी लागते.